दोन मोजण्या, दोन हद्दी: टिपण, 'क' प्रत आणि रोव्हर याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावं

माळशिवार

नमस्कार मंडळी. आमची शेती इंदापूर-माळशिरस पट्ट्यात. गट एकच, ३ हेक्टर १२ आर. वडिलांनी २००९ साली हद्द कायम मोजणी करून घेतली होती. तेव्हा प्लेन टेबल (तिपाईवरचा नकाशा काढायचा फळा) लावून मोजलं, खुणा दाखवल्या, आम्ही त्या जागी दगड रोवले. उत्तरेच्या बांधालगत आमची विहीर आहे. ती पूर्ण आमच्या हद्दीत आली होती आणि 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर खात्याकडून मिळालेल्या नकाशावर, तसं दाखवलंय.

उत्तरेला आण्णांचा गट, आणि त्यांच्या पलीकडे डांबरी रस्ता. आण्णा वडिलांच्या वयाचे, दोन्ही घरांचं जाणं-येणं आहे. त्यांनी गेल्या हिवाळ्यात स्वतःच्या गटाची मोजणी मागवली. या वेळी रोव्हर, म्हणजे उपग्रहावर चालणारं मोजणीयंत्र, आला. अर्ध्या दिवसात काम संपलं आणि हद्द आमच्यात ११ फूट आत आली. विहिरीचं निम्मं कडं त्यांच्याकडे गेलं. बांधाची लांबी साधारण २२० मीटर, म्हणजे सात गुंठ्यांहून जास्त क्षेत्राचा प्रश्न आहे.

आण्णा म्हणतात, "मशीनचं खोटं कसं असेल?" त्यांचंही बरोबर वाटतं. भांडण नाही, पण घरात कुणाला नीट जेवण जात नाहीये.

विचारायचं आहे ते असं. खातं एकच, गट तेच, मग दोन हद्दी कशा? नवं यंत्र म्हणून नवीच मोजणी खरी धरायची का? आणि आता पुढं काय करावं?

नांगरट

सात गुंठे म्हणजे थोडं नाही. मी असतो तर दुसऱ्याच दिवशी स्टे आणला असता. आमच्याकडे बांध कोरून कोरून शेजाऱ्यानं दहा वर्षांत अख्खं तास घेतलं आणि मोजणीवाल्यानं 'वहिवाट अशी आहे' एवढंच लिहिलं. या खात्यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

साखळी_आणे

माळशिवार, घाईनं कोर्टात जाऊ नका. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि निमतानदार (वादातल्या मोजणीची फेरतपासणी करणारा) म्हणून निवृत्त झालो. अशी प्रकरणं पाहण्यातच नोकरी गेली. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. मोजणी म्हणजे जमिनीवर हद्द 'शोधणं' आहे, 'ठरवणं' नव्हे. हद्द ठरली ती मूळ भूमापनाच्या वेळी. त्या वेळी प्रत्येक सर्व्हे नंबरचं टिपण झालं. टिपण म्हणजे हातानं काढलेली आकृती. ती प्रमाणात नसते, म्हणून तिच्या आकाराकडे बघू नका, तिच्यावरचे आकडे वाचा. आकडे साखळी-आण्यांत असतात. आपली शंकूसाखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. टिपणावर '१२ साखळ्या ७ आणे' असं असेल तर ते ४१० फूट ५ इंच, म्हणजे सव्वाशे मीटर झालं.

हा हिशेब मुद्दाम दिला. गुंठा का तसा आहे ते यातून कळतं. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. साखळ्यांना साखळ्यांनी गुणलं की थेट गुंठे मिळतात. शेताचे त्रिकोण-चौकोन पाडायचे, प्रत्येकाचा गुणाकार मांडायचा, बेरीज घ्यायची. ज्या वहीत हे मांडलंय तिला गुणाकार बुक म्हणतात. पाया १२ साखळ्या, लंब ५ साखळ्या असलेला त्रिकोण ३० गुंठ्यांचा, एवढं सरळ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी उन्हात उभं राहून केलेले हे हिशेब मी पुष्कळदा पडताळलेत. फार थोड्या वेळा चूक निघाली.

आता तुमचा मूळ प्रश्न. टिपणावर लांब्या आहेत, पण ते शेत पृथ्वीवर नेमकं कुठं आहे हे टिपण सांगत नाही. त्यावर अक्षांश-रेखांश नाहीत. त्यामुळे भूकरमापक काय करतो? आधी जागेवरची वहिवाट, म्हणजे आज प्रत्यक्ष जसा ताबा आहे ती, मोजतो: बांध, दगड, विहिरी, नाले, रस्ते. मग रेकॉर्डची आकृती त्या मोजमापावर बसवतो. ती कशाच्या आधारानं बसवली, यावर हद्द कुठं पडणार ते ठरतं. आधार पक्का असेल तर हद्द पक्की. शिवेचा दगड, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुना बुरूज, न हललेले आजूबाजूच्या पाच-सहा गटांचे बांध, हे पक्के आधार. ज्या बांधाचा वाद आहे तोच बांध धरून बसवलं तर काय उपयोग?

तेव्हा दोन्ही मोजण्यांच्या फाइलींच्या नकला काढा. नुसती 'क' प्रत नको. मोजणीचा मूळ तक्ता, जबाब, पंचनामा, आणि तुमच्या व आण्णांच्या गटाखालच्या जुन्या सर्व्हे नंबरांची टिपणं, गटबुक, आकारफोड (हिश्शांची क्षेत्र-आकारणी), कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाची नोंद). मग बोलू.

यंत्रवाला

साखळी_आणे काकांनी वर्म सांगितलं. मी रोव्हर आणि टोटल स्टेशन (दुर्बिणीतून कोन-अंतर मोजणारं यंत्र) दोन्हीवर काम करतो, यंत्राच्या बाजूनं थोडं लिहितो.

रोव्हर म्हणजे उपग्रहांचे संकेत घेणारा खांब. नुसत्या संकेतावर मोबाईलसारखी चार-पाच मीटरची चूक राहील. ती काढायला राज्यात भारतीय सर्वेक्षण विभाग आणि भूमी अभिलेख खात्यानं मिळून ७७ ठिकाणी कायमची संदर्भ स्टेशनं उभी केलीत, त्यांना 'कॉर्स' म्हणतात. स्टेशनची जागा आधीच नेमकी माहीत असते, त्यामुळे त्या घटकेला संकेतात किती चूक आहे ते त्याला कळतं आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून रोव्हरला पोचते. पडद्यावर 'फिक्स' आलं की दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत भरवसा. 'फ्लोट' दिसत असताना बिंदू घेतला तर भरवसा नाही. दाट झाडाखाली, उंच उसात, पत्र्याच्या शेडला खेटून फिक्स मिळणं अवघड.

पण लक्षात घ्या, रोव्हर 'मी आत्ता इथं उभा आहे' एवढंच सांगतो. 'हद्द इथं आहे' हे त्याला माहीत नसतं.

तुमच्या प्रकरणात प्लेन टेबलवर खापर फोडता येणार नाही. २००९ ची शीट १:१००० प्रमाणाची असणार. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, शीटवर ३.३५ मिलिमीटर. पेन्सिलीची रेघ त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही जाड नसते. कुठल्याच भूकरमापकाच्या नजरेतून एवढा फरक सुटणार नाही. दोन्ही यंत्रांनी जागा बरोबरच मोजली असेल. फरक आकृती बसवताना पडलाय.

आणि कृपा करून कुणी मोबाईलवर गावनकाशाचं चित्र टाकून हद्द बघू नका. मुंबई इलाख्यातल्या गावांचे जुने नकाशे सहसा मैलाला आठ इंच, म्हणजे १:७९२० प्रमाणाचे. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघच जमिनीवर चार मीटर रुंद होते.

दिठी

थोडं अवांतर, पण माळशिवार यांच्या गावाकडचंच आहे म्हणून लिहिते.

हे साखळी-आणे जिथून सुरू झाले तो मुलूख तुमचाच. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुणे भागात पहिली पाहणी केली ती प्रिंगलची, १८२७-२८ च्या सुमाराला. त्यानं प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के सारा बसवायचा घाट घातला. कागदावर शास्त्रशुद्ध, शेतावर अशक्य. मोजणीत लाचलुचपत झाली, सारा डोईजड झाला, लोक जमिनी टाकून निजामाच्या हद्दीत गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्यानं काम हाती घेतलं. शेताचा कायम नंबर, त्याच्या हद्दीला खुणा, मातीची आणेवारीनं प्रतबंदी (कस पाहून आण्यांत लावलेली प्रत), आणि ३० वर्षं सारा वाढणार नाही ही हमी. बैलजोडीनं जेवढं कसता येईल साधारण तेवढा एक नंबर. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली आणि पुढं इलाखाभर गेली.

त्याआधीही मोजणी होतीच. मलिक अंबरची, नंतर शिवकाळात अण्णाजी दत्तोंची. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. पण त्या मोजणीतून प्रामुख्यानं क्षेत्र आणि सारा ठरायचा. प्रत्येक शेताची रेघ कागदावर आली ती टिपणांमुळे.

वर्धाकाठ

दिठीताई, छान माहिती. पण ही सगळ्या महाराष्ट्राची गोष्ट नव्हे जी. वऱ्हाडात तुमच्यासारखंच मुंबई पद्धतीचं रेकॉर्ड आहे, पण आम्ही वर्धा-नागपूर-भंडारा-चांदावाले जुन्या मध्यप्रांतातले. इथं मालगुजारी होती. मैलाला सोळा इंचाचे पटवारी नकाशे आणि खसरा. आमच्याकडं 'टिपण आणा' म्हटलं तर लोक तोंडाकडं बघतात, कारण बऱ्याच गावांत नकाशाच मूळ. मराठवाड्यात आणखी वेगळं, निजामकाळचं रेकॉर्ड, पुष्कळ उर्दूत. पुण्याकडे मोडी वाचणारा शोधावा लागतो, औरंगाबादेकडे उर्दू वाचणारा. त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्याच्या माणसाचा सल्ला जसाच्या तसा लावू नये.

मोजणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासला पायाची रेषा मोजून ज्यानं हिंदुस्थानचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं तो हा. नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटात वारला. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्धा टन वजनाचा होता. तंजावरला मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून यंत्र आपटलं, तर या माणसानं कित्येक आठवडे बसून स्वतःच्या हातानं ते दुरुस्त केलं. आमच्या पोरांना हे शाळेत कोणी सांगत नाही याचं फार वाईट वाटते.

साखळी_आणे

वर्धाकाठ, अगदी बरोबर. फक्त नव्या वाचकांसाठी एक खुलासा. लॅम्बटनचं काम पृथ्वीचा आकार आणि देशाचा सांगाडा मोजण्याचं. साऱ्यासाठी झालेलं शेतांचं भूमापन वेगळं. दोन्ही कामं वेगवेगळ्या खात्यांनी केली आणि शेताचं टिपण त्या त्रिकोणांच्या जाळ्याला कधी बांधलंच गेलं नाही. बांधलं असतं तर आज माळशिवारांची झोप उडाली नसती. आता रोव्हरनं झालेल्या मोजणीच्या नकाशावर बिंदूंचे अक्षांश-रेखांश येऊ लागलेत. दगड हलवला तरी तोच बिंदू परत सापडणार. खात्याच्या इतिहासातला हा फार मोठा बदल मी मानतो. पण पहिल्यांदा बिंदू चुकीच्या जागी नोंदला गेला, तर चूकही सेंटिमीटरच्या अचूकतेनं कायम होते. म्हणून आत्ताच्या मोजण्या डोळ्यांत तेल घालून व्हायला हव्यात.

गडग्यापलीकडे

रत्नागिरीकडून. आमच्याकडे एका सर्व्हे नंबरात वीस-वीस हिस्से, एकेक खाचर दीड-दोन गुंठ्यांचं. हद्दीला बांध नाही, जांभ्या दगडाचा गडगा किंवा भाताची मेर. चिरेखाण झाली की गडगाही जातो आणि दगडही. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ-माळावर, रोव्हर झकास चालतो, आंब्याच्या बागेत फिक्स मिळत नाही. शेवटी उघड्यावर दोन बिंदू घेऊन टोटल स्टेशननं आत शिरावं लागतं.

माझा प्रश्न असा. सातबाऱ्यावर आमच्या तिघा भावांचं क्षेत्र वेगवेगळं लिहिलंय. मला फक्त माझ्या हिश्श्याची हद्द कायम करून हवी, तर अर्ज परत आला. का?

साखळी_आणे

कारण तुमच्या हिश्श्याला अजून रेघच नाही. सातबाऱ्यावर नावापुढं क्षेत्र लिहिलं म्हणजे वाटणी झाली असं लोक समजतात. ती कागदावरची विभागणी. फाळणी किंवा हिस्सा फॉर्मवर तुमच्या तुकड्याची आकृती असेल तरच त्याची हद्द कायम करता येते. नसेल तर आधी पोटहिस्सा मोजणी. तीत तिघांची संमती लागते, किंवा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालचा वाटपाचा आदेश, किंवा न्यायालयाचा हुकूमनामा. त्यानंतर आकारफोड होते, हिस्सा नंबर पडतो, सातबारा वेगळा होतो. तोपर्यंत मोजणी फक्त अख्ख्या नंबराची.

आणि सगळ्यांसाठी: "क्षेत्र भरून द्या" असं भूकरमापकाला म्हणू नका. त्याला क्षेत्र भरून देता येत नाही, तो अभिलेखातली हद्द दाखवतो. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आकारबंदाशी (खात्याच्या मूळ क्षेत्र-नोंदवहीशी) जुळतं का ते आधी पाहा. कैक ठिकाणी खरेदीखतांमधून विकलेल्या क्षेत्राची बेरीज मूळ क्षेत्रापेक्षा जास्त भरते. जे जमिनीत नाही ते रोव्हर कुठून देणार?

मांडवीकर

गोव्यातून वाचतोय. आमच्याकडे १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर नव्यानं भूमापन झालं आणि नमुना १ व १४ आला, लोक 'एक-चौदा' म्हणतात. त्यात कोमुनिदादीच्या (गावसंस्थेच्या) जमिनी आणि पोर्तुगीज काळातली नोंदणी यांचा मेळ घालताना नाकी नऊ येतात. तुमच्याकडे टिपणाला आकडे तरी आहेत. जुन्या पोर्तुगीज कागदात पुष्कळदा 'पूर्वेला अमुक माणसाची जमीन, पश्चिमेला ओहोळ' एवढंच असतं.

वकील_तालुक्याचा

कायद्याच्या बाजूनं थोडक्यात.

'क' प्रत म्हणजे मालकीचा पुरावा नाही, हद्दीचा पुरावा आहे. मोजणीत अतिक्रमण दिसलं म्हणून भूकरमापक ताबा काढून देत नाही, त्याला तो अधिकार नाही. संहितेच्या कलम १३८ मध्ये हद्द ठरल्यावरच्या परिणामांची तरतूद आहे, तरी अतिक्रमणाचे दावे बहुतांशी दिवाणी न्यायालयातच चालतात आणि तिथं कोर्ट कमिशन मोजणी मागता येते (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २६ नियम ९). पण माळशिवार, तुम्हाला त्याआधी खात्यातच वाट आहे. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे तपासणीची फेरमोजणी, मागा, ती उप अधीक्षकांच्या पातळीवर होते. तीही मान्य नसेल तर सुपर निमताना, जिल्हा अधीक्षकांकडे.

नांगरट यांना: तुमचं दुखणं खरं आहे. पण 'वहिवाट अशी आहे' असं लिहिणं हा भूकरमापकाचा कामचुकारपणा नव्हे. वहिवाट आणि अभिलेख दोन्ही नकाशावर वेगवेगळ्या रेषांनी यायलाच हवेत. नकाशाखालची टीप वाचा. दोन रेषांमधली पट्टी हाच तुमचा पुरावा. तो हातात असताना स्वस्थ बसू नका, कारण बारा वर्षं उलटली की समोरचा विरुद्ध ताब्याचा, म्हणजे 'इतकी वर्षं उघड ताबा माझाच, म्हणून जमीन माझी' असा बचाव घेतो.

आणि ज्यांच्यात एकमेकांच्या जमिनीचा ताबा उलटसुलट आहे त्यांच्यासाठी २०२३ च्या जानेवारीत शासनानं सलोखा योजना आणली. बारा वर्षांपासून असा ताबा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० रुपये, नोंदणी फी १००० रुपये. मुदत चालू आहे का याची दुय्यम निबंधकांकडे चौकशी करून घ्या.

नांगरट

वकीलसाहेब, नकाशा काढून पाहिला. तुटक रेषा आहे खरी, आणि टीपही आहे. आजवर कुणी वाचून दाखवली नव्हती. उद्याच कागद घेऊन तालुक्याला जातो. मुदतीत आहे अजून.

माळशिवार

मंडळी, मनापासून आभार. नकला मिळायला वेळ लागला, पण मिळाल्या. काकांनी सांगितलं तसं सगळं जमिनीवर पसरून मी आणि आण्णांचा मुलगा, दोघं मिळून बसलो. त्याला आधीच सांगितलं होतं, निघेल ते दोघांचं.

२००९ च्या तक्त्यावर दक्षिणेचा शिवेचा दगड घेतलाय, आमच्या पूर्व-पश्चिमेचे गट घेतलेत, आण्णांच्या गटाची तिन्ही बाजूंची वहिवाटही घेतलीय. नव्या मोजणीत फक्त आण्णांचा गट, आमचा वादातला बांध आणि उत्तरेचा रस्ता, एवढंच. शिवेचा दगड नाही.

आणि एक गोष्ट आण्णांच्या मुलाच्या लक्षात आली. रस्ता २००९ नंतर रुंद झालाय. उत्तरेला ओढा असल्यामुळे सगळी वाढ दक्षिणेला, म्हणजे आण्णांच्या बाजूला झाली. कमी-जास्त पत्रक शोधलं, तर रस्त्यात गेलेल्या क्षेत्राची नोंदच नाही. आण्णांचा सातबारा आजही पूर्वीच्याच क्षेत्राचा.

काका, याचा अर्थ मी समजतोय तोच आहे का?

साखळी_आणे

तोच आहे, आणि तुम्ही दोघांनी मिळून शोधलात याचा फार आनंद झाला.

असं झालं असणार. नव्या मोजणीत रस्त्याची दक्षिण कड ही गटाची उत्तर हद्द धरली. जुन्या रस्त्याची कड असती तर ते बरोबर होतं. पण आताची कड वाढलेल्या रस्त्याची. आण्णांच्या गटाची आकृती मात्र जुन्याच मापाची, कारण कमी-जास्त पत्रक झालेलं नाही. नव्या कडेला आकृतीचं वरचं टोक लावलं की खालचं टोक तेवढंच दक्षिणेला सरकणार. ते सरकलं तुमच्या विहिरीवर. रस्ता किती वाढला ते टेप लावून बघा, अकरा फुटांच्या आसपास निघावं.

म्हणजे आण्णांचे अकरा फूट तुमच्याकडे गेलेले नाहीत, रस्त्यात गेलेत. त्यांना जर मोबदला मिळाला नसेल तर त्यांचं खरं भांडण तिकडे आहे. त्या रुंदीकरणासाठी भूसंपादन झालं होतं का, संयुक्त मोजणी झाली होती का, निवाड्यात त्यांच्या गटाचा उल्लेख आहे का, हे भूसंपादन अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि रस्ता ज्या खात्याचा आहे तिथं लेखी विचारा.

यंत्रवाला

निमतान्याच्या वेळी आग्रह धरा की दक्षिणेचा शिवेचा दगड, दोन्ही बाजूंचे किमान दोन-दोन गट आणि रस्त्यापलीकडच्या गटांचे बांधही मोजले जावेत. रस्त्यापलीकडे ओढा आहे म्हणता, तर तिकडची जुनी हद्द हललेली नसणार. दोन्हीकडून पक्का आधार मिळाला की आकृती मध्ये एकाच जागी बसते, तिला सरकायला वाव राहत नाही. अर्ज पीक निघाल्यावरचा करा. ऊस उभा असेल तर रोव्हरही अडतो आणि मोजणारा माणूसही.

माळशिवार

टेप लावला. जुन्या पुलाच्या कठड्यापासून आताच्या कडेपर्यंत पावणेअकरा फूट. आण्णा स्वतः टेपचं टोक धरून उभे होते. संध्याकाळी घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "दादा, विहिरीचं सोडा आता, मला रस्त्याचा अर्ज लिहून द्या."

निमताना दोन्ही घरांच्या सहीनं मागतोय. रस्त्याच्या मोबदल्याचा अर्ज आण्णांचा मुलगा करतोय. आणखी दोनच प्रश्न. मोजणीच्या दिवशी कागदावर सही करायची की नाही? गावात सगळे सांगतात की सही केली म्हणजे हद्द मान्य केली. आणि नव्या खुणा टिकाव्यात म्हणून काय करावं?

वकील_तालुक्याचा

सही करा. हजेरीची सही ही हजेरीचीच असते. सही टाळून निघून गेलात तर 'लगतधारक हजर असून सहीस नकार' असा शेरा पडतो आणि तुमचं म्हणणं फाइलीत येतच नाही. जबाबात स्वतःच्या अक्षरात लिहा: कोणती खूण मान्य, कोणती नाही, का नाही, आणि कोणते आधारबिंदू घ्यायला सांगितले होते. मग खाली सही. नोटीस मिळाली तीही जपून ठेवा.

साखळी_आणे

खुणांबद्दल. भूकरमापक चुन्यानं किंवा खुंटीनं जागा दाखवतो, दगड रोवायचं काम तुमचं. त्याच दिवशी, तो शिवारात असतानाच रोवा. दुसऱ्या दिवसावर टाकलं की खुंटी गुरांच्या पायाखाली जाते आणि वाद परत सुरू होतो. लांबट दगड घ्या, दोन फूट जमिनीत आणि एक वर. खड्ड्याच्या तळाशी लाकडी कोळसा आणि खापराचे तुकडे टाका. कोळसा मातीत कुजत नाही. दगड नांगराला लागून उपटला गेला तरी खालची खूण सापडते. जुनी माणसं असंच करायची.

दगड बसल्यावर प्रत्येक कोपऱ्यापासून विहिरीच्या कड्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून 'क' प्रतीच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा, एक प्रत तुमच्याकडे, एक आण्णांकडे. संहितेनुसार हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी जमीनधारकाची आहे आणि खूण हलवणाऱ्याला दंड होतो, हे दोन्हीकडच्या पोरांना सांगून ठेवा. ट्रॅक्टरवाल्याला तर आवर्जून सांगा.

निमतान्याची तारीख आली की इथं कळवा. जवळपास असलो तर मीही येईन.